बाहेरच्या घोड्यांची दुनळी

एल्को, नेवाडा
४ मार्च १८८७

लव्हिनियाताई,

माझी एडिथ गेल्यापासून मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि आता लिहितोय ते कामासाठी. तुम्ही नाक मुरडाल हे गृहीत धरूनच कागद घेतला आहे. तरी वाचा.

मला एक बंदूक हवी आहे. जोसायाभाऊजी असते तर त्यांना लिहिलं असतं. आता दुकान तुम्ही चालवता, आणि सगळे म्हणतात त्यांच्यापेक्षा बरं चालवता. कंपनीने दिलेल्या दुनळीचा सांधा ढिला झाला आहे. दस्ता हलवला की नळ्या खुळखुळतात. असली बंदूक मांडीवर घेऊन डाकगाडीवर बसायचं म्हणजे खुळखुळा घेऊन बसण्यासारखं आहे.

हवी ती अशी. दोन नळ्या, आखूड. गाडीवानाच्या शेजारी बसून वळवताना त्याच्या कानशिलाला लागू नये इतक्या आखूड. घोडे बाहेर हवेत, दोन्ही, अंगठ्याने मागे ओढायचे, डोळ्यांना दिसतील असे. हल्ली घोडे पोटात लपवलेल्या बंदुका निघाल्यात, त्या नकोत. माझा गाडीवान हायरम स्टोक्स याचा गुडघा दिवसभर माझ्या बंदुकीला लागून असतो. घोडे उठलेले आहेत की बसलेले, हे त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. शिवाय दोन घोडे मागे ओढल्याचा आवाज रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला चांगला कळतो. इतकी वर्षं मी या गाडीवर कंपनीच्या पैशांची पेटी राखतोय, पण त्या आवाजाच्या पुढे जायची वेळ माझ्यावर आली नाही. देवाची कृपा, नाहीतर लोक शहाणे.

घाई नाही, पण उशीरही करू नका.

तुमचा,
ऑरिन


सॅक्रामेंटो
११ मार्च १८८७

ऑरिन,

नाक मुरडून झालं. आता कामाचं बोलू.

तुझ्यासारखी बंदूक मागणारं गिऱ्हाईक आता महिन्यातून एखादं येतं. तरुण मुलं येतात ती बिनघोड्यांचीच मागतात. ती बंदूक उघडली की घोडे आतल्या आत आपोआप ताणले जातात, अंगठा लावायचं कामच नाही. मी तुला तीच घे म्हणणार होते, पण हायरमच्या गुडघ्याचं वाचलं आणि गप्प बसले.

तीन पाहिल्या. पहिली कोणीतरी बदकं मारायची लांब बंदूक करवतीने कापून आखूड केलेली होती. दिसायला ऐटदार. नळ्या काढून दोरीला टांगल्या आणि नखाने टिचकी मारली तर घंटेसारखा नाद यायच्या ऐवजी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. करवतीच्या हादऱ्याने दोन नळ्यांमधला डाख सुटलेला. ती ठेवून दिली. दुसरीवर इंग्रज कारागिराचं नाव कोरलेलं, पण माल बेल्जियमचा, आणि नाव कोरणाऱ्याला स्पेलिंगसुद्धा येत नव्हतं. तिसरी पाठवते आहे. आखूडच घडवलेली, टिचकीला छान वाजते, सांधा घट्ट. हिचे घोडे चाप ओढून झाल्यावर आपणहून थोडे मागे येऊन थांबतात, त्यामुळे गाडीच्या धक्क्याने काडतूस उडायची भीती नाही.

एक विचारते, रागावू नकोस. तुझं अक्षर किती बिघडलंय रे. एडिथला तू लिहायचास ती पत्रं ती मला कौतुकाने दाखवायची. हे कोंबडीने मातीत पाय उमटवल्यासारखं काय आहे? बाटली धरलीस की काय? एकटा माणूस धरतो, मला माहीत आहे. मीही संध्याकाळी दुकान बंद करून शेरीचा पेला घेते. पण तू गाडीवर बसतोस.

लव्हिनिया


एल्को
२९ मार्च १८८७

लव्हिनियाताई,

बाटली नाही. गाडीवरच्या धक्क्यांत लिहिलं की असंच होतं.

बंदूक परत पाठवतोय. तुमची निवड चांगली आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त घोड्यांची अंगठा लावायची शेपटं उंच आहेत. माझ्या जाड कोटाच्या बाहीत अडकतात. थोडे बसके घोडे असलेली मिळाली तर बघा.

इथे अजून बर्फ आहे. हायरम म्हणतो, यंदा हिवाळ्याला घरी जायची इच्छाच दिसत नाही. रेल्वेवाले डोंगरापलीकडच्या खाणीपर्यंत रूळ टाकत निघालेत. पानगळीपर्यंत आगगाडी तिकडे पोचेल आणि आमची डाकगाडी बंद. कंपनीने सांगितलंय की शेवटपर्यंत टिकलेल्या राखणदाराला नव्या स्टेशनात कारकुनाची खुर्ची देऊ. शेगडीजवळची खुर्ची. मी त्या खुर्चीची स्वप्नं बघतो, इतका दमलोय. एडिथ असती तर हसली असती.

ऑरिन


सॅक्रामेंटो
८ एप्रिल १८८७

ऑरिन,

नवरदेवाचा अंगरखा शिवतेय असं वाटायला लागलंय मला. बसक्या घोड्यांची दुसरी पाठवते. शेपटांना बारीक खाचा आहेत, अंगठा घसरत नाही. दस्ता अक्रोडाचा, थोडा ओरखडलेला, पण तू काही ती भिंतीवर टांगणार नाहीस.

ही पसंत पडली नाही तर मी कोट पाठवीन.

तुझ्या खुर्चीचं वाचून बरं वाटलं. इथेही एक खुर्ची आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, जोसायाची. त्यात कोणी बसत नाही. माझा कारागीर ग्रुबर स्टूल घेऊन बसतो आणि दिवसभर जर्मनमध्ये पुटपुटतो. मी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून संध्याकाळी इतकी शिणते की आरशात बघायचाही कंटाळा येतो. पण तू तुझी रडगाणी गा, माझी मी गाईन.

लव्हिनिया


एल्को
२५ एप्रिल १८८७

लव्हिनियाताई,

रागावू नका. हीसुद्धा परत येतेय. दस्ता लांब वाटतो.

एक विचारायचं होतं. ग्रुबर घोड्यांच्या स्प्रिंगा थोड्या नरम करू शकेल का? सगळ्याच बंदुकांच्या फार कडक असतात, नाही का? उगाच इतका जोर कशाला लागायला हवा?

हायरमचं लग्न झालं. या वयात. बायको इथल्या खानावळीत पोळ्या भाजायची. आता तो रोज डब्यात सफरचंद भरून भाजलेली पाई घेऊन येतो आणि मला अर्धी देतो. मला म्हणतो, पेल्टन, मी आता मरायला मोकळा नाही, तेव्हा नीट राखण कर.

ऑरिन


सॅक्रामेंटो
३ मे १८८७

ऑरिन,

दोन्ही बंदुका समोर ठेवून बसले आहे आणि तुझी तिन्ही पत्रंही.

उंच घोडे नकोत, बसके नकोत, आणि आता स्प्रिंगा नरम हव्यात. दस्ता लांब वाटतो म्हणालास, पण दस्ता मी मापला, पहिल्या बंदुकीपेक्षा आखूड आहे. तुझं भांडण दस्त्याशी नाही, घोड्यांशी आहे. अक्षर बाटलीने बिघडलेलं नाही, हेही आता कळलं. डाव्या हाताने लिहितोयस तू.

मी मूर्ख बाई, तुला दारुडा समजत बसले.

उजवा अंगठा आहे ना? सरळ सांग. काय झालं आणि किती गेलंय?

आणि स्प्रिंगांचं ऐक. स्प्रिंग घोडा मागे ओढताना त्रास देते खरी, पण तीच स्प्रिंग घोडा काडतुसाच्या टोपीवर आपटते. ती नरम केली की घोडा लहान मुलालाही ओढता येईल, पण पडताना हळू पडेल. मग कधी काडतूस उडेल, कधी नुसतं टिक होईल. हे तुला माहीत नाही असं मला म्हणायचं नाही. तुला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते.

तुझं खरं औषध बिनघोड्यांची बंदूक आहे. उघडली की ताणली. ती घे. नाहीतर सगळं सोड आणि इकडे ये. हायरमची बायको त्याची वाट बघते तशी तुझी वाट बघणारं कोणी नाही असं समजून तू वागतोस, ते मला आवडत नाही. एडिथची बहीण अजून जिवंत आहे.

लव्हिनिया


एल्को
१५ मे १८८७

लव्हिनियाताई,

उजवाच आहे. जानेवारीत घाटात चाक बर्फात रुतलं. हातमोजे भिजले म्हणून काढले आणि लोखंडी कांबीने चाक उचलत बसलो. अंगठ्याचं वरचं पेर काळं पडलं. डॉक्टरने कापला नाही, वाचवला, पण वाचवून काही उपयोग झाला नाही. तो वाकत नाही आणि त्यात जीव नाही. काठीच्या तुकड्यासारखा आहे. हातमोजा घातला की दिसत नाही. हायरमला थंडीने बधिर झालाय एवढंच माहीत आहे.

मग मी कसं चालवतो ते सांगतो, आणि हे फक्त तुम्हालाच सांगतोय. निघण्याआधी तबेल्यामागे जातो, बंदूक गुडघ्यांत धरतो आणि दोन्ही हातांनी दोन्ही घोडे ओढून ठेवतो. मग घोंगडीखाली मांडीवर घेऊन वर चढतो. सगळा रस्ता घोडे उठलेलेच असतात. प्रत्येक खड्ड्याला मी बंदूक मांडीवर घट्ट दाबून धरतो. हायरमला कळावं म्हणून बाहेरचे घोडे मागितले असं मी लिहिलं होतं, आणि तेच घोडे मी घोंगडीखाली लपवून त्याच्या गुडघ्याशी ठेवतो.

बिनघोड्यांची घेतली तर कंपनीचा साहेब पहिल्याच दिवशी विचारेल, इतकी वर्षं चालली ती आता का चालत नाही? मग हातमोजा काढायला लावेल. खुर्ची शेवटपर्यंत टिकणाऱ्याला मिळते. पानगळीपर्यंतचा प्रश्न आहे, ताई. नंतर मी बंदुकीला हातही लावणार नाही.

तिकडे ये म्हणता. दुकानात बसून मी काय करणार? उपकार घेऊन जगायचं वय अजून झालेलं नाही. पुढच्या वर्षी विचारा.

स्प्रिंगा नरम करून द्या. मला फक्त आवाज हवा आहे. इतकी वर्षं तेवढंच लागलं.

ऑरिन


सॅक्रामेंटो
२४ मे १८८७

ऑरिन,

ताणलेली बंदूक घोंगडीखाली घेऊन तू घाट चढतोस हे वाचल्यापासून मला झोप नाही. तो पोळ्या भाजणाऱ्या बाईचा नवरा एखाद्या खड्ड्यात मरायचा आणि तू उरलेलं आयुष्य त्याचा विचार करत बसायचास. त्यापेक्षा हे बरं, असं मनाला समजावून दुसरी बंदूक ग्रुबरकडे दिली. तो म्हणाला, बाई, मी असलं काम करत नाही. मी म्हटलं, करायचं आहे. त्याने केलं.

आता घोडे करंगळीनेही उठतात. हाताच्या कडेने, अंगठ्याविना, चालत्या गाडीवर तुला ओढता येतील. आवाज पहिल्यासारखाच आहे, टक टक, स्वच्छ. पण मागच्या अंगणात आम्ही काडतुसं उडवून पाहिली. काही उडाली, काही नाही. कुठलं उडेल हे ग्रुबरलाही सांगता येत नाही.

म्हणून एकच अट. हायरमला सांग. कंपनीला नको सांगू, साहेबाला नको. पण हायरमला सांगच. त्याचा जीव त्या बंदुकीच्या भरवशावर त्या घाटात जातो. ती चालेल की नाही हे माहीत करून घ्यायचा हक्क त्याला आहे. मग त्यानेच ठरवावं, तुझ्या शेजारी बसायचं की नाही. हे करणार नसशील तर पार्सल उघडू नकोस, तसंच परत पाठव.

लव्हिनिया


एल्को
१० जून १८८७

लव्हिनियाताई,

बंदूक मिळाली. घोडे लोण्यासारखे उठतात. आता निघताना दोन्ही खाली असतात आणि घोंगडी लागत नाही. कितीतरी दिवसांनी खांदे सैल सोडून बसलो.

हायरमला सांगितलं. तो हसला. म्हणाला, इतकी वर्षं आवाजावरच भागलंय, पानगळीपर्यंतही भागेल.

उन्हाळा सुरू झाला. धूळ इतकी की तोंडात खडूची चव असते.

ऑरिन


सॅक्रामेंटो
१९ जून १८८७

ऑरिन,

वाचून मोठा श्वास सोडला. हायरमला माझा नमस्कार सांग. असा माणूस शेजारी बसायला मिळणं नशिबाचं आहे. त्याच्या बायकोसाठी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी पाठवते आहे, फुटली नाही तर पोचेल.

मी मागची खोली आवरायला काढली. जोसायाच्या खुर्चीला नवं वेताचं विणकाम करून घेतलं. कोणासाठी वगैरे काही नाही. जुनं फाटलं होतं.

लव्हिनिया


सॅक्रामेंटो
२२ ऑगस्ट १८८७

ऑरिन,

आज वर्तमानपत्रात चार ओळी आल्यात. एल्कोची डाकगाडी घाटात अडवली, पेटी नेली, कोणाला इजा नाही. खाली एवढंच, की राखणदाराची बंदूक चालली नाही.

कोणाला इजा नाही हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतेय. पण शेवटचं वाक्य माझ्या दुकानातून गेलंय. ग्रुबरने वाचलं आणि कागद घडी करून ठेवला.

खुशाली कळव. दोन ओळी चालतील. डाव्या हाताने लिही, उजव्याने लिही, पण लिही.

लव्हिनिया


एल्को
२९ ऑगस्ट १८८७

लव्हिनियाताई,

मी जिवंत आहे. हायरम जिवंत आहे. खुर्ची गेली. पेटी घालवणाऱ्याला शेगडी मिळत नाही. साहेबाने हातमोजा काढायला लावलाच. या सगळ्याचं मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतंय, ती लिहितो.

घाटात चढ आहे तिथे गाडीची जनावरं संथ पावलांनी चालतात. तिथेच दोघे बाहेर आले, तोंडावर पिठाची पोती. मी बंदूक उचलली आणि हाताच्या कडेने दोन्ही घोडे ओढले. टक टक. एकाने लगेच हात वर केले. दुसऱ्याने नाही केले. त्याची रायफल माझ्यावर नव्हती, हायरमच्या छातीवर होती, आणि त्याचं बोट वळताना मला दिसलं. मी चाप ओढला. आयुष्यात पहिल्यांदा माणसावर ओढला. नुसतं टिक झालं. दुसरा ओढला. पुन्हा टिक.

तेवढ्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. तो रायफलवाला थांबला आणि हसला. म्हणाला, "म्हातारबा, पेटी खाली टाका." मी टाकली. ज्याने हात वर केले होते त्यानेही ते खाली घेतले आणि पेटी उचलायला मदत केली. गेले ते. बंदूक उडाली असती तर एक माणूस मेला असता, कदाचित हायरमही मेला असता. उडाली नाही म्हणून सगळे जगले. गाडीतली माणसं देवाचे आभार मानत होती. मी ते मानायला गेलो तर जीभ वळेना.

जनावरं बदलायच्या पुढच्या ठाण्यापर्यंत हायरमने गाडी न थांबता नेली. तिथे गाडी थांबवली, खाली उतरला आणि माझ्या हातातून बंदूक घेतली. उघडली. दोन्ही काडतुसं काढून टोप्या उन्हाकडे धरून पाहिल्या. सुईने टोचल्यासारखे दोन बारीक ठिपके होते. मग त्याने एक घोडा नुसत्या करंगळीने उठवला, हळू खाली सोडला, पुन्हा उठवला.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

ताई, मी त्याला सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये तुम्हाला लिहिलं ते खोटं होतं. रोज सकाळी सांगू म्हणायचो. रोज तो पाईचा अर्धा तुकडा पुढे करायचा आणि माझा धीर व्हायचा नाही. तुमच्या मुरंब्याची बरणीही मी त्याच्या बायकोला दिली, वर तुमचा नमस्कार सांगितला.

मी म्हणालो, "हो."

तो म्हणाला, "माझ्या बायकोसमोर तू काल जेवलास."

त्याने बंदूक माझ्या हातात दिली. फेकली नाही, दिली. मग ताजी जनावरं जुंपायला गेला. ते ठाणेवाल्याचं काम, पण त्याने स्वतः केलं, प्रत्येक बक्कल दोनदा ओढून पाहिलं. मी त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला लागलो होतो, अंगठ्याचं, थंडीचं, पानगळीचं. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. मला स्वतःचाच आवाज ऐकवेना म्हणून थांबलो.

गाडीवर वर कोणी बसायचं हे गाडीवान ठरवतो. साहेब असला तरी त्याच्या परवानगीशिवाय चढत नाही. मला ती कधी विचारावी लागली नव्हती. सवयीने मी चाकावर पाय ठेवला. हायरम लगाम हातात घेऊन बसला होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आत बस."

मी खाली उतरलो आणि दार उघडून आत बसलो. इतक्या वर्षांत मी त्या गाडीच्या आत कधी बसलो नव्हतो. बंदूक मांडीवर होती, ती कुठे ठेवावी कळेना. समोर खाणीवरून परतणारी एक बाई होती. रस्ताभर ती घाबरून खिडकीबाहेर बघत होती. शेवटी तिने विचारलं, "तुम्ही आत आलात, मग वर राखणीला कोण आहे?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

तुमचा,
ऑरिन